रणांगण आणि रस्ता

सैनिकाचें मरण म्हटलें कीं, तोफांचा गडगडाट आणि शत्रूची गोळी हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु मृत्यु त्याला साध्या रस्त्यावरहि गांठतो. ता. २४ डिसेंबर २०२४ रोजीं पूंछ जिल्ह्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक गाडी खोल दरींत कोसळली व पांच जवान प्राणांस मुकले. त्यांत सातारा व बेळगांव भागांतील जवान होते. या घटनेंत शत्रूचा हात नव्हता.

आतां आंकडे पाहूं. १९९९ सालच्या कारगिल युद्धांत भारताचे ५२७ जवान धारातीर्थीं पडले. २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें भूदल, नौदल व वायुदल मिळून वर्षाकांठीं ३५० हून अधिक सैनिक रस्त्यावरील अपघातांत दगावत. म्हणजे कारगिलएवढी हानि रस्ता दीड वर्षांत करी.

तथापि नुसते आंकडे शेजारीं शेजारीं मांडून निर्णय करणें शहाणपणाचें नव्हे. कारगिलचें युद्ध सुमारें अडीच महिने चाललें आणि शिखरें चढून जाणारे जवान एकंदर सैन्याचा लहानसा अंश होते. त्यांतील प्रत्येकाच्या शिरावरील धोका फार मोठा होता. रस्त्यावर मात्र लाखों सैनिक बारा महिने ये-जा करतात. प्रत्येक फेरीचा धोका अल्प, पण फेऱ्या अगणित. थेंबें थेंबें तळें सांचे, तसा हा हिशेब आहे. रस्ता रणांगणाहून भयंकर आहे, असें यावरून ठरत नाहीं; किरकोळ वाटणारा धोकाहि युद्धाएवढे बळी घेऊं शकतो, एवढें मात्र ठरतें.

असा हिशेब मांडल्यानें उपायहि सांपडतो. १९३५ सालीं इंग्लंडांत टी. ई. लॉरेन्स हा नामांकित योद्धा मोटारसायकलच्या अपघातांत डोक्यास मार लागून वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं ह्यू केर्न्स या शस्त्रवैद्याच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें २,२७९ मोटारसायकलस्वार व मागें बसणारे रस्त्यावर मेल्याचें त्यानें १९४१ सालीं दाखवून दिलें. शिरस्त्राणामुळें डोक्याच्या इजा सौम्य होतात, हेंहि पुराव्यानिशीं मांडलें. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें कामावरील मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें. सामान्य नागरिकांस मात्र तेथें हा नियम लागू व्हावयास १९७३ साल उजाडावें लागलें.

सैन्याचा हा धडा सोलापूरच्या नव्या पेठेंत खरेदीला निघालेल्या दुचाकीस्वारालाहि तितकाच लागू आहे. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं; त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. १९८८ चा मोटार वाहन कायदा हेल्मेट घालावयास सांगतो; पण “पेठेपर्यंतच तर जावयाचें” असें म्हणून तें पुष्कळदां आरशाला अडकविलें जातें. रणांगणावर जाणारा सैनिक धोका ओळखून निघतो. पेठेंत जाणाऱ्यास तो दिसत नाहीं, म्हणून तो बेसावध राहतो. आरशाला अडकविलेलें शिरस्त्राण आरशाचें रक्षण करील. धन्याच्या मस्तकाचें करणार नाहीं.