फौजी पेन्शन, उसाचे बिल आणि आयकर



फौजेतून निवृत्त होऊन ऊस लावणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचा नेहमीचा सवाल असतो, "देशासाठी नोकरी केली, त्या पेन्शनवर कर कशाला? आणि उसाचे बिल तर माफच ना?" दोन्हींचा उलगडा करू.

साधे फौजी पेन्शन करमुक्त नाही. ते पगारातच धरतात. माफी आहे ती परमवीर, महावीर किंवा वीर चक्र मिळवलेल्यांच्या पेन्शनला, लष्करी कारवाईत कामी आलेल्या जवानाच्या कुटुंबाच्या पेन्शनला आणि सेवेतल्या अपंगत्वामुळे घरी यावे लागलेल्यांच्या अपंगत्व पेन्शनला. निवृत्त होताना पेन्शन विकून मिळालेली एकरकमी रक्कमही माफ आहे.

शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार घटनेने केंद्राला नव्हे, राज्यांना दिला आहे. पण १९७२ साली के. एन. राज समितीने सुचवले आणि १९७३ पासून कराचा दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न हिशेबात धरू लागले. खरी गोम इथेच आहे.

२०२५-२६ चा, नव्या करपद्धतीचा हिशेब पाहा. वर्षाचे पेन्शन ४ लाख. ७५ हजारांची वजावट जाता उरले सव्वातीन लाख. हे ४ लाखांच्या आत, म्हणून ऊस कितीही गेला तरी बेरीज होत नाही. आता दुसरे सभासद घ्या. पेन्शन आणि नंतरची नोकरी मिळून, वजावट जाता ८ लाख. एवढ्यावर सवलतीमुळे काही भरावे लागत नाही. पण शेतीचे निव्वळ १० लाख असतील, तर बेरजेच्या हिशेबाने कर निघतो ७० हजार. सवलत फार तर ६० हजार. उरलेले १० हजार आणि त्यावरचा उपकर भरावाच लागतो!

म्हणून खत, बियाणे, मजुरीच्या पावत्या जपून ठेवा. शेतीचे उत्पन्न ५ हजारांवर असेल तर 'सहज' फॉर्म चालत नाही. दुधाचे पैसे आणि ठेवींवरचे व्याज शेतीत दाखवू नका.

राज्य सरकारने २०२० साली माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नींना एका घराची घरपट्टी माफ केली आहे. ती घेतली नसेल तर सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखल्याची चौकशी करा.

दामाजीपंतांचा बिदरचा हिशेब विठोबाने चुकता केला, असे आपण मंगळवेढेकर अभिमानाने सांगतो. आपला मात्र आपल्यालाच करायचा आहे. कळावे.