ट्रिस्ट्रमची कातरवेळ

लोहार आपल्या दुकानापुढे उभा आहे. गावाच्या मधोमध कारंजं, त्याच्याजवळ एक म्हातारा. खानावळीचा मालक बाहेर अंगणात, वैद्य आपल्या घरापुढे, पाण्यापलीकडच्या झोपडीत एक चेटकीण, आणि सगळ्यांपासून लांब एकटा उभा असलेला लाकडी पायाचा पोरगा. शेतात दोन-चार गाई. कुणी जागचं हलत नाही. आपण जवळ जाऊन विचारलं तरच बोलतात. अंधारून आलंय आणि कुठूनतरी गिटार वाजते आहे.

हे गाव म्हणजे ट्रिस्ट्रम. ‘डायब्लो’ हा गेम सुरू केला की आपण पहिल्यांदा इथे येतो. गावाच्या टोकाला एक उद्ध्वस्त चर्च आहे, त्याच्या पोटात सोळा मजले खोल भुयार, आणि सगळ्यात खाली साक्षात सैतान. १९९६ सालच्या अगदी अखेरीस हा गेम बाजारात आला. तेव्हापासून या मालिकेचे चार मुख्य भाग आणि अनेक पुरवण्या निघाल्या, राक्षसांची संख्या वाढत गेली, पडद्यावरचं चित्र कितीतरी पटींनी सुबक झालं. तरीही ज्यांनी तो पहिला गेम खेळला, त्यांना ‘डायब्लो’ म्हटलं की आधी सैतान आठवत नाही. आधी ती गिटार आठवते.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात माउंट डायब्लो नावाचा डोंगर आहे. या गेमचा एक निर्माता डेव्हिड ब्रेविक त्याच्या पायथ्याशी राहायचा आणि गेमला नाव तिथूनच मिळालं. ब्रेविक आणि मॅक्स व एरिक शेफर हे दोघे भाऊ यांनी काढलेली ‘कॉन्डॉर’ ही छोटी कंपनी पुढे ‘ब्लिझर्ड’ने विकत घेतली आणि तिचं नाव ‘ब्लिझर्ड नॉर्थ’ झालं. आधी हा गेम बुद्धिबळासारखा आळीपाळीने चाली करत खेळायचा होता. ‘ब्लिझर्ड’च्या आग्रहावरून ब्रेविकने तो सलग चालणारा करून पाहिला, आणि पहिला सांगाडा माऊसच्या क्लिकवर धडकन कोसळला तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं. या मंडळींत एक तरुण संगीतकार होता, मॅट उलमेन. पुढची काही वर्षं या मालिकेचा आवाज म्हणजे उलमेनचाच आवाज होता.

ट्रिस्ट्रमची ती रचना बारा तारांच्या गिटारवर आहे. मी एकदा मित्राकडून अशी गिटार आठवडाभरासाठी आणली होती. तारांच्या सहा जोड्या. जाड बाजूच्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा एक सप्तक वर लावलेली, उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराच्या. जोडीतल्या दोन तारा कितीही मन लावून जुळवल्या तरी त्यांच्यात केसभर अंतर राहतंच, आणि त्या अंतरातून एक बारीक कंप उठत राहतो. तानपुऱ्याची जोडी लावताना कान जे शोधतो, त्याच्याच आसपासचा हा अनुभव. स्वर वाजून संपला तरी हवेत काहीतरी रेंगाळत राहतं. उलमेनने नेमका त्या रेंगाळण्याचा उपयोग केला आहे. एक आघात, मग थांबणं. पुन्हा एक, पुन्हा थांबणं. चाल पुढे सरकते आहे असं वाटेपर्यंत ती मागे वळते. रचना साडेसात मिनिटांच्या आसपास आहे आणि तेवढ्यात तिला कुठेही पोहोचायची घाई नाही. दुःख म्हणावं तर ते उघड नाही, भीती म्हणावं तर अंगावर येत नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: कातरवेळ. दिवस गेलेला आहे, रात्र धड झालेली नाही आणि घरातलं एक माणूस अजून परतलेलं नाही.

माझ्या मते मालिकेचं सगळं मर्म इथे आहे. नरक भीतिदायक दाखवणं तसं सोपं असतं. ट्रिस्ट्रमचं संगीत सैतानाबद्दल बोलतच नाही, ते वर राहून गेलेल्या माणसांबद्दल बोलतं. दारुडा फार्नम पितो, कारण तो गावकऱ्यांबरोबर खाली उतरला होता आणि तिथे काय पाहिलं ते त्याला विसरता येत नाही. त्या पोराचा, वर्टचा पाय राक्षसांनी नेला. लोहार ग्रिसवोल्ड हे आपल्याला जड आवाजात सांगतो, कारण पोराला ओढून वर आणणारा तोच. ही बोलणी ऐकताना मागे गिटार चालूच असते, आणि थोड्या वेळाने ती त्या गावाचीच बोली वाटायला लागते.

खाली उतरलं की सूर संपतात. भुयारात उरतात ते धातूवर धातू आपटल्यासारखे ठोके, दुरून आल्यासारखे घुमणारे आवाज, मधेच कुणी कण्हल्याचा भास. गुणगुणता येईल असं काही हाती लागत नाही. यामागे अगदी व्यावहारिक कारणही आहे. या गेममधलं भुयार दर वेळी नव्याने रचलं जातं: खोल्या, दारं, राक्षस, खजिना, सगळं फासे टाकल्यासारखं. त्यामुळे संगीतकाराला कधीच ठाऊक नसतं की चौथ्या मिनिटाला खेळणारा लढत असेल, पळत असेल की अंधारात नुसता उभा असेल. शिवाय तोच तुकडा चार-चार मजले, तासन्‌तास, फिरून फिरून वाजणार. ठसठशीत चाल असती तर तासाभरात नकोशी झाली असती. म्हणून उलमेनने चाल दिली नाही, हवा दिली.

चित्रकारांनीही तेच केलं. ६४० बाय ४८० ठिपक्यांचा पडदा, २५६ रंग. आपल्या माणसाभोवती उजेडाचं एक लहान वर्तुळ आणि त्यापलीकडे काळोख. काही वस्तू अंगावर चढवल्या की ते वर्तुळ मोठं होतं, काहींनी आणखी आक्रसतं. आणि धावता येत नाही, फक्त चालता येतं. उजेडाच्या कडेपलीकडचं डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा कान ताठ होतात. दार करकरतं. हाडं खुळखुळतात. राक्षस पडतो आणि त्याच्याजवळ अंगठी पडल्याची बारीक किणकिण होते. सोनं, बाटली, तलवार, प्रत्येक वस्तूचा पडण्याचा आवाज वेगळा, इतका की सरावलेला माणूस काय पडलं ते न बघता सांगतो.

दुसऱ्या मजल्यावरचा खाटीक आठवतो का? चर्चच्या दाराशी एक जखमी माणूस मरता मरता त्याच्याबद्दल सावध करतो. मग खाली फिरताना एक बंद खोली लागते. दार उघडलं की आत रक्तच रक्त, सुळावर चढवलेली प्रेतं, आणि हातात सुरा घेतलेला एक प्रचंड देह ताज्या मांसाबद्दल खूश होऊन घोगऱ्या आवाजात काहीतरी बोलतो आणि आपल्या दिशेने सुटतो. त्या क्षणी संगीत बदलत नाही. ढोल वाढत नाहीत, इशारा मिळत नाही. मघापासून चाललेला तोच घुमार तसाच चालू राहतो, जणू असं तिथे रोजच घडतं. मी होस्टेलवर पहिल्यांदा हे खेळलो तेव्हा हेडफोन काढून खोलीतला दिवा लावला होता, ते याच बेफिकिरीमुळे.

अशा वेळी वाचायचा एक मार्ग असतो. एक मंत्रलेख वाचला की निळसर दार उघडतं आणि त्यातून थेट गावात. एका पावलात काळोख मागे पडतो आणि गिटारचा पहिला आघात कानावर येतो. दर वेळी पहिलाच, कारण गावात शिरलं की रचना मुळापासून सुरू होते. जीव वाचल्याचा आवाज कसा असतो, हे मला या गेमने शिकवलं.

२००० सालच्या जूनमध्ये आलेल्या दुसऱ्या भागात कथा देश-विदेश फिरते. पावसाळी माळरान, वाळवंटातलं बंदर, सडलेलं जंगल. उलमेननेही वाद्यं बदलली. वाळवंटात तालवाद्यं पुढे आली, जंगलात ओल सुटलेल्या हवेसारखे सूर. २००१ च्या पुरवणीसाठी तर ब्रातिस्लावात स्लोव्हाक रेडिओच्या वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करून घेतलं गेलं आणि बर्फाळ पहाडांवरच्या त्या भागाला मोठ्या वाद्यमेळाचं वजन आलं. पण या भागातली जी जागा मी कधीही विसरणार नाही, तिथे एकही नवा सूर नाही.

माळावर पाच उभे दगड आहेत. योग्य क्रमाने हात लावला की त्यांच्यामधे वाट उघडते आणि आपण ट्रिस्ट्रमला पोहोचतो. गाव जळतंय. पहिल्या भागाच्या शेवटी सैतानाला मारणाऱ्या वीराने त्याचा आत्मा ज्यात कोंडला तो मणी स्वतःच्याच कपाळात खुपसला होता, त्याचं हे फळ. कारंज्याजवळचा तो म्हातारा, डेकर्ड केन, पिंजऱ्यात टांगलेला. लोहार ग्रिसवोल्ड आता प्रेत होऊन आपल्यावरच चालून येतो. एका कोपऱ्यात वर्ट मरून पडलाय आणि त्याच्याजवळ त्याचा तो लाकडी पाय. आणि या सगळ्यावर तीच गिटार, जशीच्या तशी. करुण केलेली नाही, वाद्यं चढवलेली नाहीत. संगीताला गाव जळाल्याचं अजून कुणी सांगितलेलंच नाही. मला खेळांच्या संगीतात याहून धाडसी निर्णय दुसरा माहीत नाही.

‘ब्लिझर्ड नॉर्थ’ २००५ मध्ये बंद झाली. शेफर बंधूंच्या ‘टॉर्चलाइट’साठी २००९ मध्ये उलमेनने पुन्हा तशीच बारा तारांची गिटार हाती घेतली. ‘डायब्लो’चा तिसरा भाग २०१२ मध्ये आला तो त्यांच्याशिवाय. २००८ मध्ये पॅरिसला त्याची पहिली झलक दाखवली गेली, तेव्हा रंग फार उजळ आहेत म्हणून हजारो चाहत्यांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. बाहेरच्याला हा हट्ट वाटेल, मला तो कळतो. अंधार हा या मालिकेचा नुसता रंग नव्हता, कान उघडे ठेवण्याची ती अट होती. रसेल ब्राउअर आणि सहकाऱ्यांनी केलेलं या भागाचं संगीत भव्य आहे, वाद्यवृंद आणि समूहगान मनापासून वाजवलेलं-गायलेलं आहे. पण भव्य संगीत आपल्याला वीर बनवतं, आणि वीराला कातरवेळ जाणवत नाही. ‘न्यू ट्रिस्ट्रम’ या नव्या गावात मात्र गिटार परतली. ती वाजवली लॉरेन्स जुबरने, पॉल मॅकार्टनीच्या ‘विंग्ज’मधला हा गिटारवादक. तेवढ्या भागात मी गावातून लवकर निघायचो नाही. केनचा मृत्यूही याच भागात होतो. मायकेल गॉफच्या ज्या आवाजाने पंधरा वर्षं आपल्याला थांबवून गोष्टी ऐकवल्या, तो थांबतो.

२०२३ चा चौथा भाग पुन्हा काळोखात गेला. बर्फ, चिखल, करपलेली गवताळ मैदानं, दलदल. टेड रीडी, लिओ कॅलिस्की, रायन अमॉन, डेरेक ड्यूक यांचं संगीत खर्जात राहतं आणि माणसाचा आवाजही वाऱ्यासारखा वापरतं. हवामान इतकं अचूक या मालिकेत आधी कधी नव्हतं. तरी गेम बंद केल्यावर ओठांवर काही येत नाही, आणि मला ती उणीव लागते.

२०१७ पासून तिसऱ्या भागात दर जानेवारीला जुनं ट्रिस्ट्रम काही दिवसांसाठी उघडू लागलं. तेच चर्च, तेच सोळा मजले, जुन्या पडद्यासारखं दाणेदार चित्र, मुद्दाम आठच दिशांना चालणारा वीर. ते मी खेळलो, आणि मग मूळ गेमच पुन्हा लावला. खाटकाला मारलं, निळ्या दारातून वर आलो, आणि काही विकलं नाही, कुणाशी बोललो नाही. पूर्वी वस्तू विकून मिनिटभरात पुन्हा खाली पळायचो, त्यामुळे पहिलं मिनिट शेकडो वेळा कानावरून गेलं होतं, पुढची क्वचितच. या वेळी कारंज्यापाशी उभा राहिलो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मला अनोळखी वाटावेत असे सूर आले. केन शेजारीच उभा होता. गाव अजून जळालेलं नव्हतं.