हिमयुगं चारच झाली, हे अजून किती वर्षं शिकवणार?

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि भूगोलाच्या व्याख्यानांत एक वाक्य अजूनही छातीठोकपणे येतं: हिमयुगं चार झाली; गुंझ, मिंडेल, रिस आणि वुर्म. मुलं ही नावं घोकतात आणि त्यावर गुणही मिळवतात. ही मांडणी मोडीत निघून पन्नासेक वर्षं झाली, तरी ती पुढच्या पिढीच्या हाती तशीच दिली जाते याचा खरोखर राग येतो.

चार हा आकडा काही हवेतून आलेला नाही. आल्ब्रेख्त पेंक आणि एडुआर्ड ब्रुकनर यांनी आल्प्सच्या उत्तर पायथ्याशी नद्यांच्या काठचे गोट्यांचे थर तपासले. हिमनद्यांच्या पाण्यानं आणून टाकलेले हे थर चार वेगवेगळ्या उंचींवर होते. त्यावरून चार हिमकाल झाल्याचं त्यांनी १९०१ ते १९०९ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलं आणि तिथल्याच नद्यांची नावं त्यांना दिली. काम कष्टाचं होतं, निरीक्षणंही बारकाईची होती. घोटाळा पुढे झाला. ज्याला त्याला चारच दिसू लागले. हेल्मुट डी टेरा आणि टी. टी. पॅटर्सन यांनी १९३९ मध्ये काश्मीरातही चार हिमकाल मोजले आणि पोटवार पठारावरची दगडी हत्यारं त्याच चौकटीत बसवली. अमेरिकेतही चारच मान्य होते. त्यांतली नेब्रास्कन आणि कान्सन ही नावं मात्र नंतर सोडून द्यावी लागली, कारण एकाच काळाचे मानलेले थर ज्वालामुखीच्या राखेवरून निरनिराळ्या काळांचे निघाले.

अडचण जमिनीचीच आहे. नवी हिमनदी पुढे सरकते तेव्हा जुन्या हिमनदीनं मागं टाकलेले हिमोढ खरवडून नेते. उरलंसुरलं नद्या वाहून नेतात. पुन्हापुन्हा पुसलेल्या फळ्यावर शेवटी चार ओळी उरल्या, म्हणून त्यावर चारच ओळी लिहिल्या होत्या असं कुणी म्हणेल का?

खोल समुद्राच्या तळाशी हे पुसणं फारसं होत नाही. तिथं फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जिवांची कवचं वर्षानुवर्षं साचत राहतात. बहुतेक कवचं वाळूच्या कणाएवढी असतात. ऑक्सिजन-१६ असलेल्या हलक्या पाण्याची वाफ लवकर होते. ते बर्फ होऊन जमिनीवर अडकलं की समुद्रात जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढतं आणि कवचात त्याची नोंद होते. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये ही नोंद वाचून दाखवली, तेव्हाच चारचा आकडा डळमळला.

इथं हमखास एक आक्षेप येतो: हा तर पाण्याच्या तापमानाचा अंदाज आहे, बर्फाचा पुरावा कुठे आहे? आक्षेप रास्त होता. खुद्द एमिलियानी यांनीही बराचसा फरक तापमानाच्या खात्यावर टाकला होता. पण निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या आणि तळाशी राहणाऱ्या अशा दोन्ही जिवांची कवचं ताडून पाहिली. दोन्हींत बदल जवळपास सारखाच होता. तळाचं पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ आहे. ते आणखी पाच-सहा अंशांनी थंड होईल कसं? म्हणजे नोंद मुख्यतः बर्फाचीच होती.

मग आला पश्चिम प्रशांत महासागरातून 'वेमा' जहाजानं काढलेला गाळाचा नमुना, व्ही२८-२३८. त्यात १२ मीटर खोलीवर पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या शेवटच्या उलटापालटीची खूण आहे. ती घटना सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे इथं हजार वर्षांत जेमतेम दीड सेंटीमीटर गाळ साचला. शॅकल्टन आणि नील ऑपडाइक यांनी १९७३ मध्ये तो सेंटीमीटरांच्या हिशेबानं वाचला. त्या खुणेच्या वरच आठ मोठे हिमकाल बसतात. लोरेन लिसिएकी आणि मॉरीन रेमो यांनी २००५ मध्ये जगभरच्या ५७ ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांनुसार गेल्या २६ लाख वर्षांत थंडीची आवर्तनं पन्नासच्या आसपास भरतात.

यावर 'समुद्र विरुद्ध जमीन' असा सामना लावणाऱ्यांनी युलियस फिंक आणि जॉर्ज कुक्ला यांचा १९७७ चा निबंध जरूर वाचावा. ऑस्ट्रियातल्या क्रेम्स आणि तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो इथं वाऱ्यानं आणलेल्या लोएस मातीचे थर आहेत. थंड काळात लोएस, उबदार काळात त्यावर तयार झालेली मृदा, पुन्हा लोएस. सुमारे १८ लाख वर्षांत त्यांना किमान १७ उबदार काळ सापडले. हा जमिनीवरचाच पुरावा आहे, आणि तो समुद्राच्या बाजूनं साक्ष देतो.

समुद्र सगळं सांगतो असंही नाही. एकूण बर्फ किती होतं ते कवचं सांगतात. ते कुठवर पसरलं होतं हे हिमोढ, ओरखडे आणि गोटेच सांगतात. त्यासाठी पेंक-ब्रुकनर आजही वाचावे लागतात.

आता किरकोळ समज. हिमकालात सगळी पृथ्वी बर्फाखाली होती? नाही, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीच्या कडाक्यातही जमिनीचा साधारण पाव भागच बर्फाखाली होता. हिमयुग संपलं? ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावर बर्फाची चादर आहे तोवर आपण त्यातच आहोत. गेली ११,७०० वर्षं फक्त उबदार टप्पा चालू आहे. महाराष्ट्रात हिमनदीची खूण असणं अशक्य? चंद्रपूर जिल्ह्यात इरई इथं चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत. पण ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, भारत दक्षिण ध्रुवाकडे होता तेव्हाचे. आणि '१९७० च्या दशकात शास्त्रज्ञच हिमयुग येणार म्हणत होते' हे? अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या बुलेटिनमध्ये २००८ साली आलेल्या पाहणीत १९६५ ते १९७९ मधले शोधनिबंध मोजले आहेत: पृथ्वी थंड होणार म्हणणारे ७, तापणार म्हणणारे ४४.