साष्टी बेट : भूमी, माणसे आणि वन्यजीव

बौद्ध लेण्यांचा अभ्यास करताना आपली दृष्टी बहुधा शिल्पे, शिलालेख आणि राजवंश यांवरच खिळून राहते. लेणी ज्या भूमीत कोरली गेली, तिचा परिचय मात्र राहून जातो. मुंबई उपनगरांत राहणाऱ्या उपासकांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. वर्सोव्यापासून मुलुंडपर्यंतची आपली वस्ती ज्या साष्टी बेटावर आहे, त्याच बेटाने कान्हेरीचा विहार सुमारे एक हजार वर्षे सांभाळला. हे कसे घडले, याचे उत्तर येथील भूमी, माणसे आणि वन्यजीव यांच्या परस्परसंबंधात आहे.

भूरचना

साष्टीच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि दक्षिणेस माहीमची खाडी आहे. ‘षट्षष्ठी’ म्हणजे सहासष्ट गावे, यावरून ‘साष्टी’ हे नाव पडले असे मानतात. बेटाच्या मध्यभागी डोंगररांग असून तिचा सर्वांत उंच माथा साडेचारशे मीटरांहून अधिक आहे. हा सर्व प्रदेश प्राचीन ज्वालामुखीच्या लाव्हारसाने घडला. वर्सोव्यापासून जवळ असलेली अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याची साक्ष देते. सुमारे ६० मीटर उंचीचे तिचे उभे पाषाणस्तंभ अंदाजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

डोंगरांतून दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या पश्चिमेस उतरतात. ओशिवरा मालाडच्या खाडीस मिळते आणि ती खाडी वर्सोवा व मढ यांच्यामधून समुद्रात जाते. म्हणजे डोंगर आणि वर्सोव्याचा किनारा एकाच जलप्रवाहाने जोडलेले आहेत.

येथे चार महिने मुसळधार पाऊस पडतो आणि उरलेला काळ जवळजवळ कोरडा जातो. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांची रचना याच ऋतुमानाचा विचार करून झाली आहे. खडकात पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत वळविलेले आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून त्यांचे दान हे पुण्यकर्म मानले जाई. एवढा मोठा भिक्खुसंघ डोंगरावर राहू शकला, तो या जलव्यवस्थेमुळेच.

माणसे

विहाराचे पोषण कोणी केले, हेही शिलालेखच सांगतात. कल्याण, सोपारा आणि चौल येथील व्यापारी, सोनार, लोहार, तसेच भिक्खुणी यांची नावे दात्यांमध्ये आढळतात. समुद्रमार्गाने व्यापार करणाराही त्यांत आहे. एका लेखातील मंगलस्थान, म्हणजे आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे, येथील शेत विहारास दिल्याचा उल्लेख आहे. अंधेरीच्या पूर्वेस असलेल्या महाकाली अथवा कोंडिविटे येथील १९ लेणीही याच परंपरेतील आहेत. तेथील चैत्यगृहात स्तूपाभोवती जाळीच्या खिडक्या असलेली गोलाकार भिंत असून तशी रचना महाराष्ट्रात विरळाच आढळते. राजांनीही दाने दिली. पण खाडीतील व्यापार, डोंगराखालची शेती आणि कारागिरांचे श्रम यांवाचून विहार उभा राहिला नसता.

आज या बेटाचे जुने रहिवासी म्हणून कोळी आणि वारली समाज आपल्यासमोर आहेत. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात डोल जाळ्याने मासेमारी होते आणि बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळतात. पावसाळ्याच्या प्रारंभी, मासळीच्या विणीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. जंगलातील पाड्यांवर राहणारे वारली वाघोबाला देव मानतात आणि बिबट्याच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. या समाजांचे ज्ञान त्यांचे स्वतःचे आहे. त्यावर आपला हक्क सांगण्याऐवजी त्याचा आदर करणे हेच आपल्याला शोभेल.

वनसृष्टी आणि प्राणी

कान्हेरीभोवतीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. महानगराने वेढलेल्या या वनात व आसपास सुमारे ५० बिबटे राहतात. चितळ, सांबर, वानर यांचाही येथे वास आहे. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांत मगरी आहेत. डोंगरउतारावरील कारवी आठ वर्षांतून एकदा सामुदायिक रीतीने फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. खाडीकाठच्या खारफुटीत मासळीची पिल्ले वाढतात आणि कोल्हेही आढळतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वच्छतेचे काम सुरू झाले. मार्च २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली.

धम्माची दृष्टी

वर्षावासाचा नियम का झाला, हे विनयपिटकात सांगितले आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवी तृणे आणि सूक्ष्म जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती ग्राह्य मानून भिक्खूंना तीन महिने एका ठिकाणी राहण्यास सांगितले. वनस्पती तोडणे आणि जमीन खणणे हेही भिक्खूंना निषिद्ध आहे. पावसाळ्यात थांबणारा भिक्खू आणि होडी ओढून ठेवणारा कोळी यांची कारणे भिन्न आहेत. तरी वाढत्या जीवांना अवसर देण्याचे फळ दोन्हींत सारखेच आहे.

प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत आपण पाठ करतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तो शहराने अनुभवला. नद्यांची पात्रे अरुंद झालेली आणि खारफुटीवर भराव पडलेला. त्यामुळे पाण्याला वाट उरली नाही. त्या पुराचा सर्वाधिक फटका नाल्याकाठच्या झोपड्यांना बसला, आणि तेथे आपलेच बांधव मोठ्या संख्येने राहतात. म्हणून खाडी आणि जंगल यांचे रक्षण हा केवळ निसर्गप्रेमींचा छंद नसून समतेचाही प्रश्न आहे.

कान्हेरीस जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी चैत्यगृहात वंदना झाल्यावर पाण्याची टाकी आणि पन्हळीही पाहाव्यात. मुलांना कारवी, बिबट्या आणि ओशिवरा नदी यांची नावे सांगावीत. ज्या भूमीने संघाला सांभाळले तिची ओळख झाली, तरच लेण्यांचे रक्षण करण्याची आपली मागणी पूर्ण होईल.