भाकरी, मटकी आणि ताक

पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी हें गांव पाण्याच्या कामामुळें सर्वांस माहीत आहे. सन १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं बांध घातले, चर खणले व पावसाचें पाणी जमिनींत मुरविलें. फार पाणी पिणारा ऊंस टाळून कडधान्यें व तेलबिया घ्याव्या असें ठरलें, आणि दुधाचा धंदाहि वाढला. या हकीकतींत पाण्याचें कौतुक पुष्कळ झालें आहे. त्या पाण्यानें ताटांत काय आणलें हा प्रश्न मात्र रसायनशास्त्राचा आहे, आणि विद्यार्थिमित्रहो, तोच येथें आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आपले स्नायू, केस, नखें, रक्ताचा लाल रंग आणि अन्न पचविणारे रस हीं सर्व मुख्यत्वें प्रथिनांचीं बनलेलीं असतात. प्रथिन म्हणजे एक लांबलचक माळ, व तिचा प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. या मण्याच्या एका अंगास नायट्रोजनयुक्त अमिनो गट व दुसऱ्या अंगास आम्लगट असतो. एका मण्याचा आम्लगट शेजारच्या मण्याच्या अमिनो गटाशीं जुळला कीं पाण्याचा एक रेणु बाहेर पडतो, आणि जो सांधा तयार होतो त्यास पेप्टाइड बंध म्हणतात. माळ आखूड असली तर ती पेप्टाइड, लांब असली तर प्रथिन. मण्यांच्या जाती अवघ्या वीस. परंतु बाराखडीच्या थोड्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द होतात, तशीं या विसांतून प्रथिनें होतात. इन्शुलिनमधील ५१ मण्यांचा संपूर्ण क्रम फ्रेडरिक सँगर यांनीं १९५५ पर्यंत लावून दाखविला, व त्याबद्दल त्यांस १९५८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. माळ नुसती लोंबत नसून विशिष्ट रीतीनें दुमडलेली असते. अंडें उकडलें म्हणजे पांढरा बलक घट्ट होतो, त्यांत माळ तुटत नाहीं, घडी मात्र मोडते.

शरीर या विसांपैकीं कांहीं मणी स्वतः घडवितें, परंतु नऊ त्यास घडवितां येत नाहींत. ते अन्नांतूनच यावे लागतात. येथें आपल्या भाकरीचा संबंध येतो. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठांत सुमारें ११ ग्रॅम प्रथिन असतें, म्हणजे बाजरी कांहीं अगदींच कमी नव्हे. पण तिच्यांत लायसिन नांवाचा मणी तोकडा पडतो. सुताराजवळ चाळीस चाकें असून आंस पांचच असले, तर बैलगाड्या पांचच होतात. उरलेलीं चाकें तशींच पडून राहतात. शरीर तर तीं चाकें पुढील दिवसासाठीं ठेवूनहि देत नाहीं. जादा अमिनो आम्लांतील नायट्रोजन युरियाच्या रूपानें लघवीवाटे जातो व बाकीचा भाग सरपणासारखा जळतो. म्हणून नुसत्या भाकरीवर पोट भरलेल्या मुलाची वाढ खुंटूं शकते, आणि तें उपाशी आहे असें कोणास दिसतहि नाहीं.

मटकी, मूग, हुलगे, तूर यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन नांवाचा मणी बेताचा. तो बाजरींत पुरेसा असतो. तेव्हां भाकरी आणि उसळ एकमेकांची उणीव भरून काढतात. तीं एकाच घासांत असावीं असें नव्हे, एका दिवसांत मिळालीं तरी काम भागतें. मात्र येथें एक फसगत संभवते. डाळ महागली कीं शेंगदाण्याची चटणी तिची जागा घेते. चटणीनें प्रथिन वाढतें खरें, पण लायसिन शेंगदाण्यांतहि कमीच. म्हणजे ज्या आंसाचा तुटवडा तोच कायम राहतो.

कडधान्यें व दूध यांतील प्रथिनांच्या अभ्यासांत एका मराठी बाईंचें नांव अभिमानानें घेण्याजोगें आहे. कमला भागवत, पुढें सोहोनी, १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत गेल्या, तेव्हां संचालक सर चंद्रशेखर रामन् यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहींत. वर्षभर परीक्षा पाहण्याच्या अटीवर त्यांस घेण्यांत आलें, आणि तेथें त्यांनीं दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केलें. १९३९ मध्यें केंब्रिजची पीएच. डी. मिळवून त्या परतल्या. पुढें मुंबईस त्यांनीं केलेल्या संशोधनांत ट्रिप्सिन या पाचकरसास अडविणाऱ्या द्रव्यांचाहि अभ्यास होता. अशीं द्रव्यें कच्च्या कडधान्यांत असतात व चांगल्या शिजण्यानें बहुतांशीं निकामी होतात. उसळ मऊ शिजूं द्यावी हा आजीचा आग्रह त्यामुळें चवीपुरता राहत नाहीं.

आतां दुधाकडे वळूं. दुधांतही लायसिन चांगलें, म्हणून भाकरी दुधांत कुस्करून खाल्ली तरी तीच उणीव भरते. दुधांतील स्निग्धांश मात्र निराळ्या जातीचा. त्यांत मण्यांची माळ नसते. तो बारीक थेंबांच्या रूपानें तरंगतो, आणि प्रत्येक थेंबाभोंवतीं एक अतिशय पातळ पटल असतें. हें पटल ज्या फॉस्फोलिपिड द्रव्यांचें बनतें, त्यांचें डोकें पाण्यास जवळ करतें आणि शेपटें पाण्यापासून दूर पळतात. पाण्यांत असे रेणु पुष्कळ जमले कीं शेपटें आंत व डोकीं बाहेर, असा दुहेरी थर आपोआप रचला जातो. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीचें आवरण मूलतः असेंच दुहेरी आहे, व त्यांत जागोजाग प्रथिनें दारांसारखीं बसविलेलीं असतात. गॉर्टर व ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनीं १९२५ मध्यें रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य पाण्यावर पसरून मोजलें, आणि तें पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट भरलें. त्यावरून दोन थरांची कल्पना निघाली.

आई रवीनें घुसळते तेव्हां थेंबांवरचीं हीं पटलें फाटतात, आंतील तूप एकत्र येऊन लोणी वर येतें, आणि पटलांचा बराचसा भाग व जवळजवळ सर्व प्रथिन खालीं ताकांत राहतें. लोणी बाजारांत गेलें तरी ताक भाकरीसाठीं घरांत उरे. जेथें आतां सगळें दूधच सकाळीं डेअरीच्या किटलींत ओतलें जातें, तेथें ताक उरत नाहीं, आणि त्या घरच्या मुलांचा लायसिनचा सगळा भार मटकीच्या भांड्यावर येऊन पडतो.