टीम कशी बांधतात? जनरल मॅनेजरचं गणित समजून घ्या पुणेरी पलटणच्या उदाहरणातून

समजा तुमच्याकडे १५ हजार रुपये आहेत आणि नवीन फोन घ्यायचाय. सगळ्यात भारी कॅमेरा घेतला तर बॅटरी आणि रॅममध्ये तडजोड करावी लागते. सगळंच बेस्ट मिळत नाही. मग आपण बघतो, की आपल्याला नक्की कशाची गरज आहे आणि त्याला किती पैसे द्यायचे.

खेळाची टीम बांधणारा माणूसही नेमकं हेच करतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये त्याला जनरल मॅनेजर म्हणतात. कोच मैदानावर टीम खेळवतो, तर कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं आणि कोणावर किती खर्च करायचा हे जनरल मॅनेजर ठरवतो. लोणीसारख्या गावात वर्गणी काढून टीम उतरवणारा कॅप्टन ही दोन्ही कामं एकटाच करतो.

बजेट कमी, मग काय?

२००२ साली ओकलँड ॲथलेटिक्स या टीमचा खेळाडूंवरचा खर्च साधारण ४ कोटी डॉलर होता. न्यूयॉर्क यांकीजचा होता १२ कोटींच्या वर. ओकलँडचे जनरल मॅनेजर बिली बीन यांना मोठी नावं परवडत नव्हती. म्हणून त्यांनी बाकीच्यांनी स्वस्त समजलेला एक आकडा पकडला. तो म्हणजे बॅटर बाद न होता बेसवर किती वेळा पोहोचतो. दिसायला साधे, पण सहज बाद न होणारे खेळाडू त्यांनी कमी पैशात घेतले. त्या वर्षी ओकलँडने सलग २० मॅच जिंकल्या आणि १६२ पैकी १०३ जिंकून यांकीजची बरोबरी केली. प्लेऑफमध्ये मात्र ते पहिल्याच फेरीत हरले. म्हणजे डेटाने शक्यता वाढते, गॅरंटी मिळत नाही.

आता आपल्या पुण्याकडे

प्रो कबड्डीत प्रत्येक टीमला ठरलेली पर्स असते. दहाव्या सीझनला ती ५ कोटी रुपये होती. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २.३५ कोटी लावले. पर्सचा जवळजवळ अर्धा भाग एकाच डिफेंडरवर! हे परवडलं कसं?

कारण बाकीची टीम आधीच तयार होती. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांना पलटणने आठव्या सीझनला 'न्यू यंग प्लेयर' म्हणून घेतलं होतं. हे नवखे खेळाडू मोठ्या बोलीशिवाय, कमी पैशात मिळतात. नगर जिल्ह्यातल्या टाकळीभान गावचा अस्लम पुढे टीमचा कॅप्टन झाला. सोबत पंकज मोहिते आणि आकाश शिंदे होते. म्हणजे चढाईचा भार एका महागड्या रेडरवर न टाकता तीन-चार जणांत वाटला, आणि मोठी रक्कम पकडीसाठी मोकळी ठेवली.

रिझल्ट? शादलुईने त्या सीझनला सगळ्यात जास्त, ९९ टॅकल पॉइंट मिळवले. अस्लम मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर ठरला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदाच ट्रॉफी उचलली.

जिंकल्यावर बिल येतं

खेळाडू चमकला की त्याची किंमत वाढते, पण पर्स काही त्या वेगाने वाढत नाही. पुढच्या लिलावात शादलुई २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला. त्यातच अस्लम दुखापतीमुळे सीझनच्या मध्यात बाहेर पडला. पलटण प्लेऑफलाही पोहोचली नाही. आणि चॅम्पियन कोण? शादलुई असलेली हरियाणा, तेही पुण्यात बालेवाडीला. म्हणून जनरल मॅनेजर या वर्षीची टीम बांधतानाच पुढच्या दोन वर्षांची पोरं शोधत असतो.

तुमच्या टीमसाठी काय करता येईल?

यासाठी महागडं ॲप लागत नाही. फोनवर गुगल शीट उघडा. प्रत्येक रेडरसाठी तीन कॉलम करा: एकूण चढाया, मिळवलेले गुण, किती वेळा बाद. डिफेंडरसाठी दोन पुरेत: पकडीचे प्रयत्न आणि यशस्वी पकडी.

एक उदाहरण बघा. पहिल्या रेडरने २० चढायांत ९ गुण आणले, पण तो ८ वेळा बाद झाला. दुसऱ्याने तेवढ्याच चढायांत ७ गुण आणले आणि फक्त २ वेळा बाद झाला. शिट्ट्या पहिल्याला मिळतील. पण प्रत्येक वेळी बाद झाल्यावर समोरच्याला एक गुण जातो. म्हणजे पहिल्याची खरी कमाई १, दुसऱ्याची ५. शिवाय दुसरा मैदानावर टिकून राहतो. बिली बीन यांनी हेरलेली गोष्ट हीच होती.

हा हिशोब दोन-तीन मॅचचा नको, पूर्ण सीझनचा ठेवा. समोरची टीम कितपत तगडी होती तेही लिहा, कारण दुबळ्या टीमसमोरचे आकडे फसवतात. शीटमध्ये न दिसणाऱ्या गोष्टीही असतात, जसं की हरत असताना पोरगा कसा वागतो. त्या डोळ्यांनीच बघाव्या लागतात.

आणि शीट ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण ऐका. गावाकडच्या कित्येक चांगल्या खेळाडूंचा खेळ कुठेच नोंदवला जात नाही. निवड चाचणीच्या दिवशी पाय मुरगळला, की त्याच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. लोणीच्या एखाद्या पोराच्या ५० मॅचचा नीट हिशोब आणि चार व्हिडिओ फोनमध्ये असतील, तर निदान त्याचं नाव पुढे करताना तुमच्या हातात काहीतरी ठोस असेल. पुढच्या मॅचला स्कोअर लिहायला एकाला बसवाच.