मांडव आणि दस्तरखान

घरात लग्न ठरले की मोठी माणसे पाहुण्यांची यादी, निकाहची वेळ, काझीसाहेबांना निरोप अशा कामांत गुंततात. मुलांच्या मनात मात्र दोनच प्रश्न असतात. मांडव कसा सजवायचा? आणि गोड काय असणार?

या दोन्ही गोष्टी पैसे मोजले की तयार मिळतात. पण त्यासाठी कर्ज काढून पुढे वर्षानुवर्षे फेडत बसणारी घरेही आपल्या आसपास आहेत. म्हणून घरच्या माणसांना आपल्या हातांनी काय करता येईल, ते आज पाहू.

आधी फुले. झेंडू मजबूत असतो. सुई मधोमध घालून ओवला तर त्याची माळ दोन दिवस टिकते. दसरा-दिवाळीच्या दिवसांत मात्र त्याला सगळीकडून मागणी असते आणि भाव चढतो. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्याचा. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते, म्हणून गजरा किंवा सेहरा ओवताना उमललेली फुले घेऊ नयेत. सकाळी टपोऱ्या कळ्या ओवाव्यात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. बारात येईपर्यंत त्या आपोआप उमलतात आणि सारे घर दरवळते. आपल्याकडे जसा सेहरा, तशा हिंदू लग्नात कपाळाला मुंडावळ्या बांधतात. बाजारात जाल तेव्हा पाहा, दोन्ही बहुधा एकाच फुलवाल्याकडे मिळतात.

गुलाब जपून वापरावा. त्याच्या पाकळ्या दाबल्या की काळ्या पडतात. त्यापेक्षा पितळेच्या परातीत पाणी भरावे, त्यावर पाकळ्या सोडाव्यात आणि मध्ये दोन-चार तरंगते दिवे लावावेत. दाराशी ठेवलेली अशी एक परात पुष्कळ शोभा आणते. मात्र लहान मुलांचे हात आणि दुपट्ट्याची टोके तिच्यापासून दूर ठेवावीत.

फुले महाग असतील तेव्हा कागद मदतीला येतो. पूर्वी पुष्कळ मांडवांत थर्माकोलचे देखावे असत. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. हे चांगलेच झाले, असे मला वाटते. थर्माकोल कुजत नाही आणि आग लागली तर झपाट्याने पेटतो. पतंगाचा कागद, बांबू, सुतळी आणि मैद्याची खळ एवढ्या सामानात त्याहून सुंदर काम होते.

कागदाची जाळी अशी करावी. चौकोनी कागद घ्या. त्याची अर्धी घडी घाला, पुन्हा अर्धी घाला. आता लहान चौकोन मिळेल. कागदाचा मध्यबिंदू ज्या कोपऱ्यात आला आहे, तेथून तिरपी घडी घालून त्रिकोण करा. या त्रिकोणात कागदाचे आठ पदर एकावर एक येतात. घडीच्या काठावर कात्रीने एक खाच मारली की उघडल्यावर चार सारखी छिद्रे दिसतात. खाच कधी गोल, कधी टोकदार घेतली की फूल, चांदणी, कमान असे आकार उमटतात. मध्यबिंदूचे टोक जास्त कापू नये आणि घडीचा काठ सलग कापून टाकू नये, नाही तर जाळीचे तुकडे हातात येतील.

भूमितीच्या तासाला सममिती शिकता, ती हीच. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरात १७व्या शतकातील बीबी का मकबरा आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ती कबर. कबरीभोवती संगमरवरी जाळ्यांचा अष्टकोनी कठडा आहे. सहलीला गेलात तर तो जवळून पाहा. एकच आकृती कारागिरांनी किती वेळा आणि किती नेमकी कोरली आहे! दगडात चूक झाली तर शिळा वाया जाते. कागदात चूक झाली तर दुसरा कागद घेता येतो.

आमच्या मोहल्ल्यात एका मुलीच्या बहिणीचे लग्न होते. मंडपवाल्याने सजावटीची जी रक्कम सांगितली, ती तिच्या वडिलांच्या दोन महिन्यांच्या मजुरीइतकी होती. वडील काही बोलले नाहीत, पण आईने कानातल्या बाळ्या काढून ठेवल्या. ते पाहून मुलीने वर्गमैत्रिणींना बोलावले. चार संध्याकाळी बसून त्यांनी हिरव्या, पांढऱ्या आणि सोनेरी कागदाच्या जाळ्या कापल्या आणि सुतळीवर चिकटवल्या. मागे जुन्या दुपट्ट्यांचा पडदा लावला. फक्त बांबू आणि दिवे भाड्याने आणावे लागले. बाळ्या पुन्हा कानात गेल्या, आणि पाहुण्या बायका विचारू लागल्या, "हे डेकोरेशन कोणाचे?"

आता गोडाकडे वळू. महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत लग्नाचे गोड सगळीकडे सारखे नसते. कोकणात तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे पांढरेशुभ्र, वाफवलेले सांदण करतात. कोकणातल्या हिंदू घरांत फणसाच्या रसाचेही सांदण करतात. नाव एक, चव वेगळी. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, म्हणून तिकडच्या दस्तरखानावर खुबानी का मीठा आणि डबल का मीठा दिसतो. खुबानी म्हणजे जर्दाळू. दख्खनच्या उष्ण हवेत हे झाड वाढत नाही. फळ काश्मीर, लडाख किंवा अफगाणिस्तान अशा थंड मुलखातून वाळवून येते. ते रात्रभर भिजवून साखरेत शिजवतात आणि वरून साय घालतात.

जर्दा तर तुम्ही सगळ्यांनी खाल्ला असेल. फारसीत 'जर्द' म्हणजे पिवळा. माणशी ५० ग्रॅम तांदूळ धरला तर १०० माणसांना ५ किलो तांदूळ लागतो आणि साखरही साधारण तेवढीच. भात जवळजवळ पूर्ण शिजल्यावरच साखर घालावी, कारण साखर पडल्यानंतर दाणा आणखी मऊ होत नाही. नवे आचारी येथेच घाई करतात आणि मग दात लागतील असा जर्दा वाढला जातो.

जर्द्याचा रंग केशराचा असावा. केशर महाग असल्याने काही ठिकाणी मेटानिल यलो नावाचा रंग घालतात. हा रंग खाण्याच्या पदार्थांत घालण्यास कायद्याने मनाई आहे, कारण तो शरीराला अपायकारक आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर हा प्रयोग करून पाहा. पदार्थाच्या पिवळ्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले आणि पाणी गडद गुलाबी झाले, तर मेटानिल यलोची शंका घ्यावी. केशर परवडत नसेल तर फिकट जर्दा करावा. पाहुणे रंग खायला येत नाहीत.

फिरनीचे गणित वेगळे. एक लिटर दुधाला मूठभर तांदूळ भिजवून, जाडसर वाटून घालतात. ती मातीच्या परळांत वाढण्याची रीत फार समजुतीची आहे. परळाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि माठातल्या पाण्याप्रमाणे फिरनी गार राहते. कोरे परळ आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवावेत, नाही तर ते फिरनीतले पाणी शोषून घेतात.

पण मे महिन्यात, ४० अंशांच्या उन्हात, शेकडो माणसांसाठी फिरनी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुधाच्या पदार्थात अशा वेळी जंतू फार वेगाने वाढतात. एवढ्या उन्हात तो बर्फाशिवाय तासाभराहून जास्त ठेवू नये. लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बर्फाची सोय नसेल तर सरळ जर्दा करावा. थंडीतल्या लग्नात फिरनी हवी तेवढी खावी.

निकाहनंतर छुहारे वाटतात. मराठीत त्यांना खारीक म्हणतात. पूर्वी ते उधळत आणि मुले जमिनीवरून वेचत. आता पुष्कळ ठिकाणी खारीक, खडीसाखर आणि एखादा बदाम यांची पुडी हातात देतात. ही पुडी बांधण्याचे काम मुलांनी घ्यावे. मांडवाच्या जाळ्या कापून उरलेला रंगीत कागद याला चालतो. फक्त न कापलेला कागद निवडावा; जाळीच्या कागदातून खडीसाखर वाटेतच गळून जाते.